अन्नदान : पुण्यकर्म की चिकित्साकर्म?



भाद्रपदापासून मार्गशीर्षापर्यंतचा काळ आपल्या भागात अन्नदानाचा असतो. गणेशोत्सवातील महाप्रसाद, नवरात्रातील भंडारे आणि दत्तजयंतीला औदुंबर-नरसोबाच्या वाडीपासून गल्लीतील लहानशा मंदिरापर्यंत उठणाऱ्या पंगती, हे आपल्या समाजजीवनाचे वैभव आहे. घरोघरी फिरून वर्गणी गोळा करणारी, पहाटे उठून भाजी चिरणारी आणि शेवटची पंगत उठल्यावर स्वतः पानावर बसणारी तरुण मंडळी पाहिली की मन भरून येते. त्यांच्या भावनेविषयी शंका घेण्याचा या लेखाचा मुळीच उद्देश नाही.

तथापि विश्रामबागेत गेली अनेक वर्षे दवाखाना चालविताना एक विसंगती सतत डोळ्यांसमोर येते. महाप्रसादाच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात अजीर्णाचे, आध्मानाचे आणि अतिसाराचे रुग्ण नेहमीपेक्षा अधिक येतात. त्याच रात्री सांगली-मिरज रस्त्यावरून घरी परतताना रुग्णालयांच्या बाहेर चहात बिस्किटे बुडवून रात्र काढणारे रुग्णांचे नातेवाईकही दिसतात. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून कर्नाटक, कोकण आणि आपल्या जिल्ह्याचा दुष्काळी पूर्वभाग येथून रुग्णांचा ओघ या परिसराकडे वाहत आहे. रुग्णाला खाट मिळते, त्याच्या जेवणाचीही सोय बहुधा होते. पण त्याच्यासोबत आलेल्या पत्नीचे किंवा म्हाताऱ्या वडिलांचे काय? पुष्कळदा रुग्णाच्या ताटातील अर्धी पोळी सोबत्याच्या पोटात जाते आणि रुग्ण मात्र 'भूक नाही' असे सांगतो. एकाच रस्त्यावर, एकाच रात्री, अजीर्ण आणि उपासमार शेजारी-शेजारी नांदतात. म्हणजे अन्न कमी नाही आणि दातृत्वही कमी नाही. कमी आहे ती योजना. आणि योजना हा तर आपल्या शास्त्राचा प्राण आहे.

म्हणूनच आज एक विचार आपणांसमोर मांडावयाचा आहे. अन्नदानाकडे आपण आजवर पुण्यकर्म म्हणून पाहिले. वैद्यांनी आणि औषधी विक्रेत्यांनी तरी त्याकडे चिकित्साकर्म म्हणून पाहावे. औषध देताना आपण रुग्ण कोण, मात्रा किती, काळ कोणता, अनुपान काय, याचा विचार करतो. अन्न देताना तोच विचार का करू नये?

आठ प्रश्न

चरकसंहितेच्या विमानस्थानातील पहिल्या अध्यायात आहारविधीची आठ विशेष आयतने सांगितली आहेत : प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. पदवी परीक्षेसाठी आपण ती सर्वांनीच पाठ केली आहेत. पुढे रुग्णाला पथ्य सांगताना त्यांचा थोडाफार उपयोगही करतो. परंतु ही आठ आयतने म्हणजे उत्तम अन्नदानाची तयार तपासणीसूची आहे, हे माझ्या लक्षात येण्यास चाळिशी उजाडावी लागली.

पदार्थ स्वभावतः गुरू आहे की लघू, ही झाली प्रकृती. तो कसा शिजविला आणि किती वेळ ठेवला, हे करण. कशासोबत कालविला, हा संयोग. किती वाढला, ही राशी. कोणत्या भागात व कोणत्या ऋतूत आणि भुकेच्या कोणत्या वेळी दिला, हे देश आणि काल. कोणत्या रीतीने, कशा मनःस्थितीत खाल्ला गेला, ही उपयोगसंस्था. आणि या साऱ्यांच्या शेवटी, परंतु साऱ्यांहून महत्त्वाचा, तो उपयोक्ता म्हणजे प्रत्यक्ष खाणारा. त्याला काय सात्म्य आहे, हा प्रश्न या आठव्या आयतनात येतो.

आपल्या रूढ अन्नदानात या आठही प्रश्नांची उत्तरे दाता आपल्या सोयीने देतो. पदार्थ दात्याच्या आवडीचा, प्रमाण दात्याच्या ऐपतीचे, दिवस दात्याच्या वाढदिवसाचा, आणि रीत छायाचित्रात चांगली दिसेल अशी. उपयोक्ता तेवढा सर्वांत शेवटी रांगेत उभा असतो.

पुराने शिकविलेला धडा

हे मी इतरांवर टीका म्हणून लिहीत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी स्वतःच हे सर्व केले आहे.

त्या वर्षीचा महापूर आपल्यापैकी कोणीच विसरू शकणार नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळजवळ बोट उलटून माणसे दगावली. विश्रामबागेचा बराचसा भाग उंचावर असल्याने खालच्या पेठांतील व नदीकाठच्या गावांतील कुटुंबे इकडे आली. शाळा, मंगल कार्यालये, मंदिरे माणसांनी भरून गेली. अशाच एका शाळेतील छावणीत आम्ही काही वैद्य व औषधी दुकानदार मित्र रोज जात होतो.

पहिल्या दोन दिवसांत अन्नाची कमतरता होती. तिसऱ्या दिवसापासून ते चारी दिशांनी येऊ लागले. महाराष्ट्राने त्या दिवसांत सांगली-कोल्हापूरला दिलेला हात मी आयुष्यभर विसरणार नाही. पण येणाऱ्या अन्नाला ना वेळ होती ना मोजमाप. दुपारी तीन टेम्पो एकाच वेळी दारात उभे, आणि रात्री आठ वाजता कोणीच नाही. पहाटे दूरच्या गावी करून गरम असतानाच प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेली पोळी-भाजी आमच्यापर्यंत पोहोचेतो आंबूस झालेली असे. ती फेकवत नव्हती आणि वाढवतही नव्हती. फरसाण, चिवडा आणि बिस्किटांचे खोके भिंतीला लागले होते. दात नसलेली वृद्ध माणसे त्या खोक्यांकडे नुसती पाहत बसत.

आम्हीही मागे राहिलो नाही. चौथ्या दिवशी आम्ही मित्रांनी वर्गणी काढून आचाऱ्याकडून मसालेभात, वाटाण्याची उसळ आणि जिलेबी करवून घेतली. बाहेर मुसळधार पाऊस, वर्षाऋतूमुळे मुळातच मंदावलेला अग्नी, त्यात तीन दिवसांची भीती, जागरण आणि अवेळी खाणे. एखाद्या विद्यार्थ्याने परीक्षेत अशा अवस्थेतील माणसाला मसालेभात आणि जिलेबी लिहून दिली असती, तर मी त्याला अनुत्तीर्ण केले असते. पण दाता म्हणून उभा राहिलो तेव्हा माझ्यातला वैद्य घरीच राहिला होता. त्या रात्री शाळेच्या स्वच्छतागृहापुढे रांग लागली. औषधे घेऊन पळापळ केली ती आम्हीच. आणि आम्ही दिलेली जिलेबी मधुमेहाच्या ज्या आजोबांनी खाल्ली, त्यांच्या गोळ्या पाण्यात गेलेल्या घरात राहिल्या होत्या, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले. देण्यापूर्वी आम्ही विचारलेच नव्हते.

आणखी एक गोष्ट एका वृद्ध बाईने माझ्या सहकारी वैद्यभगिनीच्या कानात सांगितली. छावणीतील अनेक स्त्रिया दिवसभर जवळजवळ काहीच खात-पीत नव्हत्या. अन्न नव्हते म्हणून नव्हे. अंधारात, सर्वांसमोरून, चिखलातून शौचाला जावे लागू नये म्हणून. आम्ही मात्र 'बायका जेवत नाहीत, धक्का बसला असेल' असे निदान करून मोकळे झालो होतो.

पाचव्या दिवशी एक मध्यमवयीन बाई पुढे आली आणि म्हणाली, ''डॉक्टर, तुमचे लई उपकार झाले. पर आता आमाला शिधा द्या, चूल द्या. आमचं आमी करतो.'' आम्ही तांदूळ, मूगडाळ, ज्वारीचे पीठ, बेसन, तेल, आले आणि दोन शेगड्या आणून दिल्या. संध्याकाळी लहान मुलांना, आजारी व वृद्धांना मऊ खिचडी मिळाली आणि बाकीच्यांना भाकरी-पिठले. त्या दिवसानंतर पोटाच्या तक्रारी झपाट्याने कमी झाल्या. त्याहून विशेष म्हणजे छावणीतला आवाज बदलला. चार दिवस हात पसरून रांगेत उभ्या असलेल्या स्त्रिया आता दुसऱ्यांना वाढत होत्या, 'अजून घ्या' असा आग्रह करीत होत्या. उपयोगसंस्था या शब्दाचा अर्थ मला तेव्हा कळला. मन प्रसन्न असताना, आपल्या माणसांत बसून, अवमान न होता खाल्लेले अन्नच अंगी लागते, हे त्या एका शब्दात सामावलेले आहे.

इतिहासातील दोन दाखले

राशी आणि सात्म्य या दोन गोष्टींकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, याचे दाखले आपल्याच इतिहासात आहेत.

१८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार सरकारी कामावर राबणाऱ्या मजुराची मजुरी दिवसाला सुमारे एक पौंड, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम धान्याच्या हिशेबाने ठरविण्यात आली. खडी फोडणाऱ्या माणसाला एवढ्या आहारावर जगता येणार नाही, असे मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश सांगत होते. इकडे पुण्याची सार्वजनिक सभाही दुष्काळग्रस्तांची बाजू मांडीत होती. हिशेब कागदावर जुळत होता, पण शरीरात जुळत नव्हता. त्याच दुष्काळात, १८७७ मध्ये, सातारा जिल्ह्यातील नायगावच्या कन्या सावित्रीबाई फुले जुन्नर भागात ओतूर येथे दुष्काळनिवारणाच्या कामात होत्या, आणि पुण्याजवळ धनकवडी येथे सत्यशोधक मंडळींनी दुष्काळात पोळलेल्या मुलांसाठी बालाश्रम चालविला. सरकार मजुरीचे वजन करीत होते. ही मंडळी समोरच्या मुलाकडे पाहून भाकरी देत होती. दुष्काळ एकच होता, पण अन्न देण्याच्या या दोन निरनिराळ्या रीती होत्या.

दुसरा दाखला १९७२ चा. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या तालुक्यांतील वडीलधाऱ्या माणसांना आजही त्या वर्षाचे नाव काढले की दोन शब्द आठवतात : मिलो आणि सुकडी. मिलो ही परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी पोटात गेली आणि माणसे जगली, हे खरेच; पण आयुष्यभर शाळू खाल्लेल्या माणसांना ती कधी रुचली नाही. सुकडी मात्र लोकांच्या स्मरणात गोडीने राहिली. माझी आई तेव्हा बारा वर्षांची होती. दुष्काळी कामावर मिळालेली सुकडी आजी पदराला बांधून घरी आणीत असे आणि मुलांना मुठीमुठीने देत असे. आजीने स्वतः ती कधी खाल्ली का, असे मी आईला एकदा विचारले. आई बराच वेळ गप्प राहिली. घरात शेवटी कोण जेवते आणि त्याच्या वाट्याला काय उरते, हा प्रश्न मी आज प्रत्येक रुग्णाला विचारतो, तो त्या मौनामुळे.

उपाशी माणसाला एकाएकी भरपेट जेवू घालणे हिताचे नसते, हेही येथे सांगितले पाहिजे. शोधनानंतर पेया, विलेपी, यूष, मांसरस अशा क्रमाने अग्नी वाढवीत नेण्याचा संसर्जनक्रम आपण शिकलो आहोत. प्रधान शुद्धीनंतर तर तो बारा अन्नकालांचा, म्हणजे सात दिवसांचा आहे. आधुनिक वैद्यकानेही दुसऱ्या महायुद्धातील उपासमार झालेल्या कैद्यांच्या अनुभवानंतर हा धोका ओळखला. दीर्घ उपासानंतर अचानक भरपूर आहार दिल्यास रक्तातील क्षारांचे, विशेषतः फॉस्फेटचे, प्रमाण घसरून जीव धोक्यात येऊ शकतो. म्हणजे पेजेची वाटी हा कंजूषपणा नसून शास्त्र आहे.

माझी एक चिठ्ठी

आता जे सांगावयाचे आहे, ते सांगताना अजूनही संकोच वाटतो.

दहा-बारा वर्षांपूर्वी मार्केट यार्डात हळद निवडण्याचे काम करणारी एक स्त्री माझ्याकडे आली. वय चाळिशीच्या आत, अत्यंत कृश, अरुची, अंगात कसकस आणि सततचा थकवा. खोकला विशेष नव्हता. मी सविस्तर प्रश्न विचारले : कोणता रस आवडतो, जेवण कधी करता, कोष्ठ कसे आहे. औषधे दिली आणि चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरांत पथ्य लिहिले : शेळीचे दूध, जुने तांदूळ, मुगाचे यूष, गाईचे तूप, डाळिंब, खजूर, मनुका. पथ्याविना औषध व्यर्थ, हेही आवर्जून बजावले. तिने चिठ्ठीची काळजीपूर्वक घडी घातली आणि ती निघून गेली. पुन्हा आली नाही. चांगले वाटले असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

सात-आठ महिन्यांनी तिची शेजारीण दवाखान्यात आली. त्या बाईला क्षयाचे निदान होऊन शासकीय रुग्णालयातून औषधे सुरू झाली होती. ''मग माझ्याकडे परत का आल्या नाहीत?'' मी विचारले. शेजारीण सहज म्हणाली, ''खायाचं लिवलेलं घरात न्हवतं. मग नुसत्या औषधाचा काय उपेग, म्हनून तिनं तीबी सोडली.''

माझा उपदेश तिने तंतोतंत पाळला होता. पथ्याविना औषध व्यर्थ. पथ्य परवडत नाही. म्हणून औषध बंद. तिच्या तर्कात कोठेही चूक नव्हती. चूक माझ्या प्रश्नावलीत होती. काय आवडते, कधी खाता, किती पचते, हे सर्व मी विचारले होते. 'मिळते का?' एवढेच विचारले नव्हते. तसे विचारले असते तर पुनःपुन्हा बोलावून पाहिले असते, थुंकीची तपासणी लवकर करून घेतली असती, आणि निदान मुगाचे दोन किलोचे पुडके तरी तिच्या हाती ठेवले असते. ती बाई पुढे बरी झाली. त्याचे श्रेय तिचे आणि शासकीय औषधांचे, माझे नव्हे.

क्षय आणि आहार : नवा पुरावा

राजयक्ष्म्यात बृंहण आहाराचे महत्त्व आपल्या संहितांनी शतकानुशतके सांगितले आहे. त्याला अलीकडे फार मोठा प्रायोगिक आधार मिळाला आहे, आणि तो आपल्या वाचकांपर्यंत पोहोचणे आवश्यक आहे.

झारखंडमधील चार जिल्ह्यांत क्षयाचे २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातील १०,३४५ माणसे यांच्यावर एक अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष ऑगस्ट २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सर्व रुग्णांना दरमहा धान्याचा शिधा दिला गेला. निम्म्याच्या आसपास घरांत रुग्णाबरोबर इतर माणसांनाही माणशी दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि सूक्ष्म पोषकांच्या गोळ्या देण्यात आल्या. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला, तेथे घरातील इतर माणसांना क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले. जंतुपरीक्षणाने सिद्ध झालेल्या फुप्फुसाच्या क्षयापुरते पाहिले तर ४८ टक्क्यांनी. रुग्णांमध्येही पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्के वाढले, त्यांच्यातील मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला.

थोडे थांबून याचा अर्थ ध्यानात घेऊ. तांदूळ आणि डाळ. कोणतेही दुर्मीळ द्रव्य नाही, भस्म नाही, रसायन नाही. महाप्रसादाच्या पातेल्यात पडते तेच धान्य. फरक एवढाच की ते ठरावीक माणसाला, ठरावीक मात्रेत, महिन्यामागून महिने दिले गेले. मात्र येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे नमूद करतो. हा आहार क्षयाच्या प्रमाणित औषधांसोबत दिलेला होता, त्यांच्याऐवजी नव्हे. संशय येताच तपासणीस पाठविणे आणि औषधे पूर्ण काळ घेतली जातील हे पाहणे, हे आपले पहिले कर्तव्य आहे.

केंद्र शासनाच्या निक्षय पोषण योजनेखाली एप्रिल २०१८ पासून क्षयरुग्णाच्या खात्यावर दरमहा ५०० रुपये देण्यास सुरुवात झाली. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये करण्यात आली. सप्टेंबर २०२२ पासून व्यक्ती वा संस्थेला 'निक्षय मित्र' म्हणून नाव नोंदवून रुग्णाला शिध्याचे पाकीट देण्याची सोयही करण्यात आली. आपल्यासारख्या संघटनेसाठी ही व्यवस्था जणू बेतूनच केलेली आहे.

काही आक्षेप

मित्रांशी बोलताना तीन आक्षेप हमखास ऐकू येतात.

पहिला, हे शासनाचे काम आहे. आहेच. राज्य शासनाने २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन योजना सुरू केली, तेव्हा १० रुपयांच्या थाळीत ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण असे प्रमाण ठरवून दिले होते. अन्नदानात राशी ठरविण्याचा तो चांगला पायंडा होता, आणि टाळेबंदीच्या काळात त्या थाळीने अनेकांना आधार दिला. पण २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि ५४.२ टक्के स्त्रिया पांडुग्रस्त होत्या. एवढी मोठी पोकळी कोणत्याही एका योजनेने भरणारी नाही. शिवाय घरात शेवटी जेवणारी व्यक्ती कोणत्याही सरकारी यादीत सापडत नाही. ती सापडते आपल्या नाडीपरीक्षेच्या मेजासमोर.

दुसरा आक्षेप, लोकांना फुकटची सवय लागते. ही भीती मलाही होती. आम्ही शिधा देऊ लागल्यावर एका गृहस्थाने मिळालेले तूप विकले, असे कळले. मला राग आला, बोलावून विचारले. त्याने घरभाड्यासाठी ते विकले होते. त्यानंतर मी दोन गोष्टी शिकलो. एक, अन्न हा दारिद्र्यावरचा संपूर्ण इलाज नव्हे, तसा दावा आपण करू नये. दोन, तूप विकणाऱ्या त्या एका माणसासाठी उरलेल्यांचे मूग बंद करणे हे एका रुग्णाला औषध मानवले नाही म्हणून दवाखाना बंद करण्यासारखे आहे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. इतके मोजून-मापून दिल्याने दानातील सहजता, त्यातला ओलावा निघून जाईल. मला नेमके उलट वाटते. आई मुलाला वाढते तेव्हा त्याची भूक, त्याची प्रकृती, आदल्या रात्रीचा खोकला, सारे तिच्या ध्यानात असते. तिचे वाढणे जितके मोजके, तितकेच मायेचे असते. ज्याला आपण ओळखत नाही, त्यालाच आपण सढळ आणि आंधळेपणाने वाढतो.

काय करता येईल

केवळ विचार मांडून थांबणे उचित नव्हे. म्हणून काही सूचना विचारार्थ ठेवतो.

पहिली सूचना वैद्यांसाठी. केसपेपरवर आहाराच्या रकान्यात दोन प्रश्न वाढवावेत : काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय खाल्ले? आणि घरात शेवटी कोण जेवते? उत्तर ऐकून मगच पथ्य लिहावे. डाळिंब-मनुका परवडत नसतील तर शेंगदाणे-गूळ, नाचणीची आंबील, ताकातली कण्या, मुगाचे कढण हेही पथ्यच आहे. ते कमी प्रतीचे नाही.

दुसरी औषधी दुकानदार बंधूंसाठी. 'सध्या अर्धीच औषधे द्या' असे म्हणणारे गिऱ्हाईक आपण ओळखता. औषधात काटकसर करणारा माणूस त्याआधी ताटात काटकसर करून आलेला असतो. वैद्याच्या चिठ्ठीवर एक खूण ठरवून घ्यावी. ती दिसताच मूग, तांदूळ, गूळ, शेंगदाणे आणि थोडे तूप यांचे पुडके औषधांच्याच पिशवीत, औषधांच्याच खाली घालून द्यावे. दुकानात उभ्या असलेल्या चौथ्या माणसाला ते कळू नये. खर्चासाठी चार वैद्य आणि एक दुकानदार मिळून लहानसे अन्नखाते सहज चालविता येते. आम्ही ते काही वर्षांपासून चालवीत आहोत. फार मोठे काम नाही. पण चिठ्ठी घेऊन परत न येणाऱ्या रुग्णांची संख्या घटली आहे, एवढे मी माझ्या केसपेपरांवरून सांगू शकतो.

तिसरी, प्रत्येक तालुका शाखेने निक्षय मित्र म्हणून नोंदणी करावी आणि निदान पाच रुग्णांची, शक्य असल्यास त्यांच्या घरातील माणसांसह, उपचार संपेपर्यंत जबाबदारी घ्यावी.

चौथी, आपल्या गल्लीतील मंडळाशी उत्सवाच्या आधीच बोलावे. पाचशे पानांच्या एका पंगतीचा शिधा रोज सोळा-सतरा माणसांना महिनाभर पुरतो, हा साधा हिशेब आहे. पंगत बंद करा असे सांगू नये. तिचा आनंद खरा आहे. पण अर्धा शिधा राखून तो रुग्णालयाबाहेरील नातेवाइकांसाठी रोज रात्री भाकरी, वरण आणि भाजी या रूपात जावा, असे सुचविता येईल. शिजविलेले अन्न गरम राखावे, ६० अंश सेल्सियसच्या खाली फार वेळ राहू देऊ नये, गरम अन्न प्लास्टिकमध्ये बांधू नये. उरलेल्या अन्नाच्या वितरणासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्ये स्वतंत्र नियमही केले आहेत, त्यांची माहिती मंडळांना करून द्यावी.

पाचवी आपल्या जिल्ह्यापुरती. कृष्णा-वारणेच्या काठी राहणाऱ्यांना २००५, २०१९ आणि २०२१ हे आकडे पाठ आहेत. पुढचा आकडा कोणता, हे कोणास ठाऊक नाही. तो येणार हे ठाऊक आहे. दर वर्षी मे महिन्यातच शेगड्या, पातेली आणि कोरडा शिधा कोठे ठेवावयाचा, मधुमेह, रक्तदाब आणि गर्भिणी यांची नोंद कोणी करावयाची, आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह व उजेड यांची सोय कोणी पाहावयाची, हे ठरवून ठेवावे. ही शेवटची गोष्ट अन्नदानात मोडत नाही असे कोणास वाटेल. त्या वृद्ध बाईचे कानातले बोलणे ऐकल्यापासून माझ्या मते ती अन्नदानातील पहिली गोष्ट आहे.

आपल्या व्यवसायात अन्न आणि औषध यांच्यामधली रेषा पहिल्यापासूनच पुसट आहे. ती तशी राखणे हे आपल्या शास्त्राचे वैशिष्ट्य आहे. मग दानाच्या वेळीच ती ठळक का व्हावी? येत्या उत्सवकाळात पंगतीत वाढावयास आपण अवश्य उभे राहावे. मात्र वाढताना पानाकडे पाहण्याआधी पानावर बसलेल्या माणसाकडे पाहावे, आणि जो पंगतीपर्यंत येऊच शकला नाही त्याची चौकशी करावी.

वाचकांनी आपापल्या भागातील अनुभव, आणि विशेषतः मतभेद, संघटनेकडे अवश्य कळवावेत, ही विनंती.